बारा वर्षांची मुदत

मराठीत 'पानिपत' हे नुसतं गावाचं नाव राहिलेलं नाही. निवडणुकीत पक्षाचं पानिपत होतं, गणिताच्या पेपरात आमच्यासारख्यांचं होतं. 'विश्वास पानिपतात गेला' असंही आपण सहज म्हणून जातो. हा विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा अठरा वर्षांचा मुलगा, हे म्हणताना कितीजणांच्या लक्षात असतं कोण जाणे.

लढाईबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. शेजवलकरांचं 'पानिपत १७६१' आहे, विश्वास पाटलांची १९८८ सालची कादंबरी आहे. तोफा, उपासमार, कोणाचं काय चुकलं, यावर आजही लोक तावातावाने भांडतात. मला मात्र छळतो तो नंतरचा प्रश्न. १४ जानेवारी १७६१ नंतर जी माणसं घरी आलीच नाहीत, त्यांच्या घरच्यांनी काय केलं? म्हणजे अगदी साधं. सुतक कधी धरलं? श्राद्धाची तिथी कोणती ठरवली? कुंकू कधी पुसलं?

नानासाहेबांना बातमी कळली ती माळव्यात, एका सावकारी पत्रातून. त्या पत्रात माणसांचा हिशोब मोती, मोहरा आणि खुर्दा अशा भाषेत मांडलेला होता. मोत्यांमध्ये विश्वासराव आणि सदाशिवराव भाऊ, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे हिशोबाच्या वहीत भाऊ त्याच दिवशी गेले. पुढे जूनमध्ये खचलेले नानासाहेबही पर्वतीवर वारले.

विश्वासरावांबद्दल शंका राहिली नाही. भाऊंचं मात्र तसं झालं नाही. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराजाने फारसीत हकीकत लिहून ठेवली आहे. रणांगणावर एक बिनशिराचं धड सापडलं, ते खुणांवरून भाऊंचं ठरलं आणि त्याला अग्नी दिला गेला, असं तो सांगतो. पण हे सगळं झालं शत्रूच्या छावणीत, पुण्यापासून कितीतरी कोस दूर. इकडे घरच्या कोणी काही पाहिलेलं नाही. त्यामुळे 'भाऊ जिवंत आहेत' ही आवई उठली आणि उठतच राहिली.

भाऊंची बायको पार्वतीबाई स्वतः पानिपतला होत्या. त्या वाचून परत आल्या. त्यांनी नवरा गेला हे मान्य केलं नाही आणि त्या शेवटपर्यंत सवाष्ण म्हणून जगल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या विधवेच्या वाट्याला काय येत होतं हे आठवा (केशवपन, आलवण, एकभुक्त), म्हणजे या हट्टाचं वजन कळेल.

आता गंमत बघा. 'माणूस गेला की नाही हे माहीतच नाही' ही अडचण धर्मशास्त्राला आधीपासून ठाऊक होती आणि त्यावर रीतसर नियमही होते. परदेशी गेलेल्याची काहीच खबर नसेल, तर साधारण बारा वर्षं वाट पाहायची. (नातं आणि वय पाहून काही ग्रंथ वेगळी मुदत सांगतात.) मग पळसाची ३६० पानं आणि दर्भ घेऊन माणसाची आकृती करायची, इतकी पानं डोक्याला, इतकी छातीला अशी वाटणी करून. तिला अग्नी द्यायचा आणि पुढचे सगळे विधी करायचे. याला पालाशविधी म्हणतात.

आणि समजा, तो माणूस उद्या दारात उभा राहिला तर? त्याचीही सोय आहे! त्याला तुपात बुडवून काढायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार पुन्हा करायचे आणि त्याच बायकोशी त्याचं लग्न लावायचं. थोडक्यात, माणूस नव्याने जन्मला असं धरायचं.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हे वाचून हसू येईल, कारण आम्ही रोज हेच करतो. दूरचा सर्व्हर उत्तर देत नसेल, तर तो बंद पडलाय की नुसता हळू चाललाय की मधली तार तुटलीय, हे इथे बसून कधीच खात्रीने सांगता येत नाही. मग आम्ही टाइमआउट ठरवतो. तीस सेकंद वाट पाहू, नंतर मेला असं समजू आणि कामं दुसऱ्याकडे देऊ. तीस सेकंदांत सत्य कळतं म्हणून नाही, तर बाकीच्यांची कामं अडून राहतात म्हणून. बारा वर्षांचंही तेच. वाटण्या अडतात, श्राद्धं अडतात, लग्नं अडतात. मुदत असते ती मागे राहिलेल्यांसाठी.

पानिपतची बारा वर्षं भरली १७७३ साली. नारायणरावांचा खून झाला तोही याच वर्षी. त्यांची विधवा गंगाबाई गरोदर होती. १७७४ च्या सुरुवातीला तिला सुरक्षित म्हणून पुरंदरावर नेलं, तेव्हा सोबतीला पार्वतीबाई होत्या. एकीला नवऱ्याच्या मृत्यूबद्दल तिळमात्र शंका नाही, आणि दुसरी तेरा वर्षांनंतरही कुंकू लावते आहे. हे चित्र माझ्या डोक्यातून जात नाही.

आणि मग तोतया. सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण आपणच भाऊ असल्याचं सांगू लागला होता. माधवरावांच्या वेळी चौकशी होऊन तो खोटा ठरला आणि कैदेत पडला. पण १७७६ साली रत्नागिरीच्या अंमलदाराने त्याला मोकळं केलं आणि बघता बघता हजारो लोक त्याच्यामागे गेले. कोकणातले किल्ले त्याच्या हाती आले. शेवटी फौज पाठवून बंड मोडावं लागलं. तो समुद्रमार्गे पळाला, आंग्र्यांनी त्याला धरून दिलं, आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला ठार करण्यात आलं. न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' हे नाटक याच प्रकरणावर आहे.

यात काहीजण स्वार्थापोटी गेले असतील, कारभाऱ्यांवरचा राग असेल. पण एवढी माणसं नुसती स्वार्थाने जमत नाहीत. भाऊ परत येऊ शकतात, तर आपलाही भाऊ, बाप, नवरा येऊ शकेल असं कितीजणांना वाटलं असेल! कारभार होता नाना फडणिसांकडे. ते स्वतः पानिपतातून वाचलेले, आणि त्यांनी आई त्याच धावपळीत गमावलेली. त्यांना हे कळत नसेल असं मला तरी वाटत नाही. तरीही राज्याला 'भाऊ मेले' हे ठासून सांगावंच लागलं.

मला विशेष वाटतं ते हे की दरबाराने तोतयाला मारलं, पण पार्वतीबाईंचं कुंकू पुसलं नाही. राज्याचं घड्याळ वेगळं आणि त्या बाईचं वेगळं, आणि ही दोन्ही घड्याळं एकाच वाड्यात चालू राहिली.

अर्थात त्या पेशव्यांच्या घरच्या होत्या. साध्या शिलेदाराच्या, बुणग्याच्या बायकोला ही मुभा कोण देणार? 'लाख बांगडी फुटली' असं आपण म्हणतो. त्यातल्या किती बांगड्या खात्रीच्या बातमीवर फुटल्या आणि किती नुसत्या ऐकीव गोष्टीवर? बखरीत त्या बायकांची नावं नाहीत. रघुनाथ यादवाने पानिपतची बखर लिहिली ती विश्वासरावांच्या आईच्या, गोपिकाबाईंच्या सांगण्यावरून, असं मानतात. मुलगा गेलेल्या आईला निदान गोष्ट मागता आली. बाकीच्यांनी ती जात्यावर सांगितली असेल.

आज ही मुदत सात वर्षांची आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात ती होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या साक्ष्य अधिनियमातही तशीच आहे. पण सगळेच सात वर्षं थांबू शकत नाहीत. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ माणसं सापडलेली नव्हती. पावसात, त्या उतारावर आणखी खणणं धोक्याचं होतं. निर्णय व्यवहाराचा होता आणि माझ्या मते बरोबरही होता.

पण मुदत संपली, दाखला मिळाला, की आपण लगेच त्या घरच्यांना सांगायला जातो, 'आता मान्य कर, पुढे बघ.' कायद्याने मागितली असते ती फक्त सही. दुःख आवरतं घ्या असं कायदा सांगत नाही. ते आपणच, शेजारपाजारचे आणि नातेवाईक, वरून जोडतो. अठराव्या शतकातल्या शनिवारवाड्याला जे जमलं, ते आपल्या सोसायटीला जमायला हरकत नसावी. एखादी बाई अजून दोघांचा चहा टाकत असेल, तर टाकू द्यावा.

असो. विषय जड झाला खरा. पुढच्या शनिवारी काहीतरी हलकं लिहीन म्हणतो.