आधी प्रत, मग वाचन

पेनड्राइव्ह संगणकाला लावल्यावर कधी कधी पडद्यावर एक चौकट उमटते. हा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का, असे ती विचारते. मजकूर सल्ल्यासारखा वाटतो, म्हणून पुष्कळ लोक होकाराचे बटण दाबून मोकळे होतात. खरे तर विंडोज त्यातून स्वतःची अडचण सांगत असते. ड्राइव्हच्या आरंभी ५१२ बाइटचा बूट सेक्टर असतो. फायलींची मांडणी कोणत्या पद्धतीची आहे, एका क्लस्टरमध्ये किती सेक्टर आहेत, तक्ता कुठून सुरू होतो, हे सारे त्यात नोंदलेले असते आणि शेवटी ५५ एए ही दोन बाइटची खूण असते. एवढा मजकूर बिघडला की भरलेला ड्राइव्ह संगणकाला 'रॉ' दिसू लागतो. फोटो, प्रबंध, हिशेब मात्र बहुधा जिथल्या तिथे असतात. फॅट३२ मांडणीत तर या सेक्टरची राखीव प्रत सहसा सहाव्या सेक्टरवर ठेवलेलीच असते. ती जागेवर आणली की कित्येकदा सगळे फोल्डर पूर्वीसारखे उघडतात. होकाराचे बटण दाबणाऱ्याला याची कल्पनाही नसते.

'डेटा गेला' हे वाक्य या विद्येत कधीच पुरेसे नसते. काय गेले, हे आधी विचारायचे. ठिकाणा सांगणारी नोंद गेली, मजकूर स्वतः गेला, की मजकुरापर्यंत पोचवणारे यंत्र गेले? तिन्हींची बाहेरची लक्षणे पुष्कळदा सारखी असतात. उपाय मात्र वेगळे, आणि एका स्थितीवरचा उपाय दुसरीत उरलेसुरले घालवू शकतो. निदानावर हे पुस्तक इतका भर देते ते यामुळेच. तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, न्यायसाहाय्यक विज्ञानाचा विद्यार्थी, जुने कागद डिजिटल रूपात जपणारा ग्रंथपाल, या सगळ्यांना इथे सारखीच जागा आहे. दोनशेछप्पन्न किमतींचा बाइट आणि सोळाच्या आधाराचे अंक समजले की पुढची वाट चालता येते.

पेनड्राइव्ह ही एकसंध वस्तू नव्हे. वेगवेगळ्या काळांत जन्मलेले थर त्यात एकावर एक बसले आहेत. विद्युतभार अडकवून ठेवणारे 'फ्लोटिंग गेट' १९६७ मध्ये बेल लॅब्समध्ये डावॉन कांग आणि सायमन झी यांनी मांडले. त्यावर आधारलेली फ्लॅश स्मृती तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये आणि तिचा नँड हा प्रकार १९८७ मध्ये जगापुढे ठेवला. यूएसबीचे पहिले प्रमाण जानेवारी १९९६ चे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकलेले अजय भट्ट ते घडवणाऱ्यांत अग्रणी होते. सिंगापूरची ट्रेक ही कंपनी आणि इस्रायलची एम-सिस्टिम्स यांचे पहिले ड्राइव्ह २००० साली बाजारात आले. आयबीएमने विकलेल्या एम-सिस्टिम्सच्या ड्राइव्हची क्षमता ८ एमबी होती. फॅट ही फायलींची मांडणी मात्र फ्लॅश आणि यूएसबी या दोन्हींहून जुनी आहे, १९७७ ची. तिच्या कर्त्यांसमोर फ्लॉपी होती. खालच्या थरात वीज झिरपते, मधल्या थरात फर्मवेअर कोलमडते, वरच्या थरात नोंदी विस्कटतात; प्रत्येक थराचा बिघाड त्याच्या जन्मकाळच्या गृहीतकांतून येतो.

वरच्या थरापाशी थोडे थांबू, कारण रोजचे बहुतेक काम तिथेच होते. फॅट३२ मध्ये प्रत्येक फायलीची ३२ बाइटची नोंद असते. नाव, तारीख, आकार आणि पहिल्या क्लस्टरचा क्रमांक तिच्यात असतो. पुढचे क्लस्टर कोणते, याची साखळी वेगळ्या तक्त्यात असते. फाइल डिलीट केली की नोंदीच्या पहिल्या बाइटवर ई५ लिहिले जाते आणि साखळीतल्या आकड्यांच्या जागी शून्ये येतात. मजकुराला कोणी हात लावत नाही. सातबाऱ्यावरचे नाव खोडल्याने जमीन हलत नाही, तसेच हे. फक्त ती आता दुसऱ्याच्या नावावर चढायला मोकळी झालेली असते. १६ केबीच्या क्लस्टरांमध्ये ३ एमबीचा फोटो १९२ क्लस्टर व्यापतो. हे क्लस्टर सलग असतील तर आरंभीचा क्रमांक आणि आकार एवढ्यावर फोटो अख्खा परत येतो. ते विखुरलेले असतील तर पहिल्यानंतरचे १९१ क्लस्टर शोधून काढावे लागतात, कारण साखळी पुसली गेलेली असते. नव्या, मोठ्या ड्राइव्हवर भेटणाऱ्या एक्सफॅट मांडणीत हीच क्रिया निराळी घडते. तिथे नोंदीच्या प्रकाराचा एक बिट बदलतो, ८५ चे ०५ होते, आणि नाव व क्रमांक शाबूत राहतात. म्हणून 'फाइल डिलीट झाली' असे कोणी सांगितले की आधी विचारायचे, मांडणी कोणती?

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट दाखवायची आहे. इंग्रजी उदाहरणांतून ती लक्षात येत नाही. फॅटच्या मूळ नोंदीत देवनागरी नाव मावत नाही, म्हणून ते तिच्याशी जोडलेल्या लांब नावाच्या नोंदींत दोन-दोन बाइटच्या चिन्हांनी लिहिले जाते. अशा एका नोंदीत तेरा चिन्हे बसतात. डिलीट करताना हिच्याही पहिल्या बाइटवर ई५ येते. पण तो बाइट नोंदीच्या अनुक्रमांकाचा असतो, अक्षराचा नव्हे. त्यामुळे छोट्या रोमन नावाचे पहिले अक्षर जाते आणि देवनागरी नाव अक्षरन् अक्षर टिकते. 'प्रबंध' या नावाच्या डिलीट केलेल्या फायलीची नोंद हेक्स एडिटरमध्ये उघडली तर ई५ नंतर अशी ओळ दिसते: २ए ०९, ४डी ०९, ३० ०९, २सी ०९, ०२ ०९. प, हलन्त, र, ब आणि अनुस्वार ही ती पाच चिन्हे. मग दुसऱ्या माहितीचे तीन बाइट आडवे येतात आणि त्यांच्या पलीकडे २७ ०९, म्हणजे ध. एकाआड एक येणारा ०९ हा आकडा म्हणजे देवनागरीची खूण. साध्या मजकूर-फायलींत हीच लिपी सहसा वेगळ्या ठेक्यात भेटते. तिथे दर चिन्हाला तीन बाइट लागतात आणि प्रत्येक त्रिकुटाची सुरुवात ई० ए४ किंवा ई० ए५ अशी होते. अशा फायलींना आरंभखूण असेलच असे नाही. तरी ज्याने हा ठेका एकदा ओळखला, त्याला अनोळखी सेक्टरांच्या गर्दीत हरवलेले मराठी पान नुसत्या नजरेने सापडते. माझ्या मते या विद्येतला सर्वांत मोठा आनंद इथे आहे.

नोंदी पूर्णच नष्ट झाल्या असतील तर मजकुराच्या खुणांवरून फाइल कोरून काढावी लागते. जेपीईजी फोटो एफएफ डी८ एफएफ ने सुरू होतो आणि एफएफ डी९ ने संपतो. नव्या वर्डची फाइल मुळात झिप असते, म्हणून तिच्या आरंभी 'पीके' ही फिल कॅट्झ यांच्या नावाची आद्याक्षरे असतात. तिचा मजकूर दाबून बसवलेला असल्याने वर सांगितलेला ठेका तिच्यात दिसत नाही. अमेरिकी हवाई दलाच्या तपास विभागात घडलेले फोरमोस्ट, क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे फोटोरेक ही या कामाची खुली साधने आहेत. त्यांनी काढलेल्या फायलींना मूळ नावे नसतात, फोल्डर नसतात, आणि विखुरलेली फाइल अर्धवट येऊ शकते. ब्रायन कॅरियर यांचे फाइल सिस्टिमच्या तपासावरचे २००५ चे पुस्तक अजूनही या क्षेत्राचा पाया मानले जाते. ते वाचण्याची तयारी या पुस्तकाने व्हावी, असा प्रयत्न आहे.

आता नियम. ड्राइव्हवर थेट काम करायचे नाही. आधी सेक्टर-सेक्टर प्रत काढायची आणि पुढचे सगळे वाचन त्या प्रतीवर करायचे. परत मिळालेली फाइल त्याच ड्राइव्हवर साठवायची नाही, कारण मोकळ्या दिसणाऱ्या जागेतच दुसरी हरवलेली फाइल असू शकते. प्रतीसाठी आन्तोनियो दियास यांचे ग्नू डीडीरेस्क्यू वापरावे. सुरळीत वाचता येणारा भाग ते आधी उचलते, अडलेल्या जागांची नोंद ठेवते आणि त्यांच्याकडे नंतर वळते. मरणपंथाला लागलेल्या ड्राइव्हवर प्रत्येक वाचन शेवटचे असू शकते, म्हणून हा क्रम महत्त्वाचा. चेकडिस्क ही विंडोजची आज्ञा याच्या नेमकी उलट वागते. मांडणी सुसंगत करणे हे तिचे काम, तुमचा मजकूर वाचवणे हे नव्हे. सुसंगतीसाठी ती साखळ्या तोडते आणि उरलेले तुकडे एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. प्रत हाताशी असेल तर तीही खुशाल वापरून पाहावी. सायबर कॅफे आणि झेरॉक्सच्या दुकानांतून पसरलेल्या शॉर्टकट व्हायरसात तर बहुतेक वेळा काहीच गेलेले नसते. फोल्डर लपवलेले असतात, त्यांचे गुणधर्म बदलले की पुरते.

यंत्राच्या थरातले बिघाड अधिक कठीण. प्लग वाकून सांधा सुटला असेल तर डाग देऊन भागते. चिप आणि संगणक यांच्यामधला कंट्रोलर गेला, की ड्राइव्ह शून्य क्षमतेचा दिसतो किंवा स्वतःच्या नावाऐवजी कंट्रोलरचे नाव सांगू लागतो. तेव्हा नँड चिप उखडून थेट वाचण्याचा मार्ग उरतो. पण चिपमध्ये मजकूर सरळ लिहिलेला नसतो. फ्लॅशमध्ये लेखन पानापानाने होते आणि पुसणे मात्र अख्ख्या ब्लॉकचेच. प्रत्येक ब्लॉक मोजक्याच वेळा पुसता येतो, म्हणून कंट्रोलर झीज वाटून देण्यासाठी पाने सतत इकडून तिकडे हलवतो. शिवाय तो बाइट विस्कळीत करून लिहितो आणि चुका दुरुस्त करणारे जादा बिट जोडतो. तज्ज्ञाला हे सारे उलट्या क्रमाने उलगडावे लागते. रशियात जन्मलेली पीसी-३००० फ्लॅशसारखी साधने त्यासाठी आहेत आणि ती महाग आहेत. अलीकडच्या अनेक लहान ड्राइव्हमध्ये चिप आणि कंट्रोलर एकाच काळ्या वडीत बंद असतात. तिथे सूक्ष्म संपर्कबिंदूंना केसासारख्या तारा जोडाव्या लागतात. हे काम घरी करून पाहू नये, असे मी निःशंक सांगतो.

मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत, कारण आशेचा बाजार मोठा आहे. ज्या जागेवर नवा मजकूर लिहिला गेला, तिथला जुना मजकूर कोणतेही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. कंट्रोलरने पाने हलवताना मागे राहिलेली जुनी प्रत चिपमध्ये क्वचित सापडते. फ्लॅशवर पुसलेले किती उरते, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले. पण त्या शक्यतेवर कोणी आश्वासन देऊ नये. क्विक फॉरमॅटनंतर बरेच काही मिळते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण फॉरमॅट सगळीकडे शून्ये लिहितो, त्यानंतर हाती काही लागत नाही. आणि खोट्या क्षमतेचे ड्राइव्ह ही वेगळीच फसवणूक आहे. आत ८ जीबीची चिप, वर ५१२ जीबीचा शिक्का. क्षमता संपल्यावरच्या फायली यादीत दिसतात, पण त्या कधी लिहिल्याच गेलेल्या नसतात. जे लिहिले गेले नाही ते परत येत नाही, हे ग्राहकाला पैसे घेण्याआधी सांगणे तंत्रज्ञाचे कर्तव्य आहे.

तसेच दुसरे कर्तव्य गोपनीयतेचे. ड्राइव्ह दुरुस्तीला देणारा माणूस घरचे फोटो, आजारपणाचे कागद, बँकेचे तपशील आपल्या हाती सोपवतो. मागितले तेवढेच शोधावे, उघडून पाहायचे ते खात्रीपुरते, आणि काम झाल्यावर आपल्याकडची प्रत नष्ट करावी. प्रकरण न्यायालयात जाणारे असेल तर शिस्त आणखी कडक लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे मजकुरावरून गणिताने काढलेला ओळखीचा आकडा, नोंदवावे लागते. प्रत काढतानाच हॅश घेतला नसेल, तर ती मुळाशी जुळते हे नंतर दाखवणे अवघड होऊन बसते.

एक काम या पुस्तकाबाहेर उरले आहे आणि ते वाचकांवरच सोपवतो. युनिकोड रुळण्याआधी, आणि त्यानंतरही कित्येक वर्षे, मराठी छपाईचा मोठा व्यवहार पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सीडॅकचे आयएसएम, कृतिदेव अशा फाँटांवर चालला. दिवाळी अंक, गौरवग्रंथ, स्मरणिका, संस्थांची इतिवृत्ते त्यांत जुळवली गेली. त्या फायलींत देवनागरी म्हणून काहीच नसते. दर फाँटाची स्वतंत्र सांकेतिक जुळणी असते, त्यामुळे ०९ चा किंवा ई० ए४ चा ठेका तिथे उपयोगी पडत नाही आणि शोधयंत्राला तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांचा गोंधळ वाटतो. हरवलेल्या ड्राइव्हमधून असा तुकडा निघाला तर तो मराठी आहे, हे ओळखणारे तक्ते हवेत: कोणत्या फाँटात कोणते बाइट वारंवार येतात, कोणती जोडी सर्वांत जास्त भेटते. डीटीपी करणाऱ्यांच्या कपाटांतले जुने ड्राइव्ह आणि सीडी अजून वाचता येण्याजोगे आहेत तोवर हे होऊ शकते. ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी आधी त्यांच्या प्रती काढून ठेवाव्यात, आणि ज्यांना आकडेमोडीची आवड आहे त्यांनी एकेका फाँटाचा तक्ता करून सर्वांसाठी खुला करावा.