गिरणी गेली, वस्ती राहिली

मूल हे धानाचे गाव. येथे कापडाच्या गिरणीचा भोंगा कधी वाजला नाही. तरीही वस्त्राच्या इतिहासाचा एक धागा आमच्या जंगलातूनच निघतो. ऐन आणि अर्जुन या झाडांवर कोशाचे किडे पोसण्याचा ढिवर समाजाचा व्यवसाय चंद्रपूर, गडचिरोली व भंडारा या जिल्ह्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. त्या कोशाचे सूत मागावर जाई. कोष्टी हे विणकरांचे नावही कोशावरूनच आले, असे मानतात. नागपूरची लुगडी आणि उमरेडची रेशीमकाठी धोतरे यांची कीर्ती एके काळी दूरवर पसरली होती.

हा व्यवसाय आपोआप ओसरला, असे समजणे बरोबर नाही. १८६७ साली मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला आणि विलायती कापड स्वस्तात येऊ लागले. मध्य प्रांत व वऱ्हाडचे त्या काळचे कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांना त्यात लाभच दिसत होता. माग थांबले, की ते हात शेतीला मिळतील आणि इंग्लंडला अधिक कापूस पाठवता येईल, असा त्यांचा हिशेब होता. विणकराच्या घरात त्या दिवशी चूल पेटेल की नाही, हा प्रश्न त्या हिशेबात नव्हता.

अशा काळात १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली. जुम्मा तलावाजवळची दलदलीची जागा भरून काढून ती उभारली होती. एका सावकाराने या उद्योगात भांडवल घालण्यास नकार दिला. जमिनीत सोने पुरण्याचाच हा प्रकार आहे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे त्यानेच कबूल केले, की टाटांनी माती घातली आणि सोने काढले. गिरणीचा कारभार रेल्वेच्या नोकरीतून आलेल्या बेझनजी मेहता यांनी सांभाळला. कामगार नियमित येत नाहीत, सणासुदीला व पेरणीला गावी निघून जातात, ही सुरुवातीची मोठी अडचण होती. तिच्यावर उपाय म्हणून मालकांनी बक्षिसे सुरू केली, १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी उभारला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई देण्यास प्रारंभ केला. यात दया होती, तसा व्यवहारही होता. दोन्ही एकत्र असण्यात काही गैर नाही.

परंतु कामगाराला केवळ वेतन पुरत नाही, त्याला राहायला जागा हवी असते. गावाकडून आलेली माणसे शहराच्या कडेला कुडाच्या झोपड्या घालून राहत. १९२० च्या दशकात कंपनीने उत्तर नागपुरात, गिरणीपासून काही मैलांवर, इंदोरा येथे सुमारे २०० एकर जमीन घेऊन कामगारांची आदर्श वस्ती वसवण्याची योजना आखली. कामगारांसाठी चालणाऱ्या कल्याणकार्याची धुरा वाय. एम. सी. ए. या ख्रिस्ती संस्थेकडे होती. मुंबईच्या चाळींपेक्षा ही कल्पना निराळी होती. चाळीत एका खोलीत अख्खे कुटुंब राही आणि नोकरी गेली की खोलीचे भाडेही थकत असे. इंदोऱ्यात कामगाराने दिलेल्या जागेवर कंपनीच्या कर्जातून स्वतःचे घर बांधायचे, कर्ज हप्त्याहप्त्याने फेडायचे आणि जागेचा बराचसा भाग मोकळा ठेवायचा, अशी रीत होती. मेहतांचे नाव आजही तेथील बेझनबागेने जपले आहे.

वाचक हो, येथे एका गोष्टीचे स्मरण करून द्यावेसे वाटते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या स्थितीविषयी 'रेरुम नोवारुम' हे परिपत्रक प्रसृत केले. कामगाराला इतके न्याय्य वेतन मिळावे, की काटकसरीने राहून त्याला थोडी मालमत्ता स्वतःची करता यावी, हा त्यातील एक प्रमुख विचार. इंदोऱ्याच्या योजनाकारांनी ते परिपत्रक वाचले होते, असा माझा दावा नाही. पण स्वतःच्या भिंती असलेला माणूस ताठ उभा राहतो, हे दोन्ही ठिकाणी ओळखले गेले होते.

तो ताठपणा पुढे दिसून आला. इंदोरा परिसरातील श्रमिकांत दलित समाजाची संख्या मोठी होती आणि हा भाग आंबेडकरी चळवळीचा बालेकिल्ला बनला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या लाखोंच्या समुदायात येथील घरांतली माणसे होती. मालकाने वस्ती वसवली ती स्थिर मजुरांसाठी. वस्तीने मात्र स्वाभिमानी नागरिक घडवले.

गिरणीचे दिवस पुढे फिरले. १९८६ मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. जेथे चात्या फिरत होत्या, तेथे आता मॉल उभा आहे. भोंग्यावर उठणारी पिढी वृद्ध झाली, काही देवाघरी गेली. पण बेझनबाग आणि इंदोरा उठून गेले नाहीत. तेथे अंगणे आहेत, शेजार आहे, शिकलेली मुले-नातवंडे आहेत.

एक उणीव मात्र राहून गेली. घर कामगाराने बांधले, पण खालची जमीन कंपनीची होती. गिरणी गेल्यावर या जमिनीचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला. भिंत आपली आणि भुई दुसऱ्याची, अशा अवस्थेत माणूस रात्री निश्चिंत झोपू शकत नाही.

हा इतिहास मूलमध्ये बसून का सांगावा? आमची माणसे नागभीडच्या लहान गाडीने नागपूरला कामासाठी जात. ती गाडी रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये थांबली, पण पोटासाठी बाहेर पडणे थांबलेले नाही. आपल्या धर्मग्रामातील तरुणही दूरच्या शहरांत भाड्याच्या खोलीत राहतात. वेतन किती मिळते, हे आपण त्यांना आवर्जून विचारतो. छप्पर कोणाचे आणि जमीन कोणाच्या नावे, हे सहसा विचारत नाही.

घराला आशीर्वाद देण्यासाठी मला अनेकदा बोलावणे येते. पवित्र जल शिंपडून झाल्यावर, चहा येईपर्यंत, मी आता घरधन्याला एक प्रश्न विचारतो : "बाबा, घराचा कागद कोणाच्या नावावर आहे?" कोणी हसतो, कोणी पेटीतून कागद काढून दाखवतो. ज्याच्याकडे कागद नसतो, तो मान खाली घालतो. त्याला घेऊन तलाठ्याकडे जाणे हाही त्या आशीर्वादाचाच भाग आहे, अशी माझी समजूत आहे.