महाडचा दावा, नागरी हक्कांचे कायदे आणि बौद्ध समाज

नागरी हक्कांच्या कायद्यांचा इतिहास बहुधा संविधानापासून सांगितला जातो. आमच्या मते तो महाडच्या दाव्यापासून सांगावयास हवा. शेलू जिल्ह्याच्या उत्तरेस, महाड दक्षिणेस. परंतु दोन्ही पूर्वीच्या एकाच कुलाबा जिल्ह्यातली. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह इकडील प्रत्येक बौद्धास ठाऊक आहे. त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावा मात्र फारसा कोणी वाचत नाही.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून ठराव केला आणि ऑगस्ट १९२७ मध्ये तो मागेही घेतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पृश्यांनी बाबासाहेबांवर दावा लावला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाने तो फेटाळला. परंतु कोणत्या पायावर? तळे नगरपालिकेचे आहे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी अनादि काळापासूनची असल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, या पायावर. अस्पृश्य हा समान नागरिक आहे, म्हणून पाण्यावर त्याचा हक्क आहे, असे तो निकाल म्हणत नाही. रूढी सिद्ध झाली असती तर काय, हा प्रश्न उरतोच.

१९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी भेदभावाविरुद्ध कलमे सुचविली आणि ती अमेरिकेच्या १८६६ व १८७५ च्या नागरी हक्क कायद्यांवरून घेतल्याचे नमूद केले. १८७५ च्या त्या संघीय कायद्याने खाणावळी, वाहने व नाट्यगृहे कृष्णवर्णीयांना खुली केली होती. १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. घटनादुरुस्तीचा निर्बंध राज्यांवर आहे, खासगी मालकावर नाही, असे कारण दिले. तसा परिणामकारक कायदा पुन्हा यावयास १९६४ साल उजाडले. आपल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, विहिरी, तळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि कलम १७ व्यक्तीलाही बांधते. अमेरिकेतील ती पळवाट येथे राहिली नाही.

१९५५ च्या अस्पृश्यता (गुन्हे) कायद्याचे कलम १२ आम्हास सर्वांत मोलाचे वाटते. अनुसूचित जातीच्या व्यक्तीविरुद्ध या कायद्याखालील कृत्य घडल्यास ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावे. तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. त्यामुळे पीडिताला आरोपीच्या मनातील हेतू सिद्ध करीत बसावे लागत नाही.

पण ‘अनुसूचित जातीची व्यक्ती’ म्हणजे कोण? १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ती व्यक्ती हिंदू असावी लागे. १९५६ मध्ये शिखांचा समावेश झाला. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा घेतलेले लोक मात्र बाहेर राहिले. ज्या गावात त्यांना पाणी नाकारले जाई, तेथे नाकारणाऱ्याच्या लेखी काहीच बदलले नव्हते. बदलले ते कलम १२ चे संरक्षण. महाराष्ट्र राज्याने १९६० पासून नवबौद्धांना आपल्या अखत्यारीतील सवलती दिल्या, परंतु केंद्राची यादी तीच राहिली. १९७६ साली कायद्यास ‘नागरी हक्क संरक्षण’ हे नाव मिळाले, शिक्षा वाढल्या, यादी तशीच. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, अंमल ३० जानेवारी १९९० पासून. त्यातही तीच यादी.

जून १९९० च्या दुरुस्तीने बौद्ध त्या यादीत आले. मधल्या चौतीस वर्षांत कित्येकांनी घरी त्रिशरण म्हटले आणि दाखल्यावर जुनाच धर्म ठेवला. त्यांना दुबळे म्हणणे आम्हास मान्य नाही. कायद्याने त्यांच्यापुढे धम्म आणि संरक्षण यांतील एकच निवडण्याची अट ठेवली होती. ती अट गेली आहे. संरक्षण मागणाऱ्या बौद्धास मूळ अनुसूचित जात मात्र आजही दाखल्यावर सांगावी लागते.