स्नानसंस्काराविना गेलेली बाळे

शिरूर तालुक्यातील निमोण्यासारख्या गावी तान्हे मूल दगावले, तर त्याला अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात. एवढ्याशा जिवाला कसले पाप, अशी लोकांची समजूत. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरी मात्र आईच्या दुःखात आणखी एका प्रश्नाची भर पडे : स्नानसंस्कार झाला नव्हता, मग बाळ देवाजवळ गेले का?

हा प्रश्न आपल्याकडे संत फ्रान्सिस झेवियर यांच्याइतका जुना आहे. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यास उतरले आणि पुढे दक्षिणेतील मोती काढणाऱ्यांच्या किनाऱ्यावर गेले. त्यांच्या हातून स्नानसंस्कार झालेली हजारावर बालके लहानपणीच निवर्तली. त्या बालकांना ते स्वर्गातील आपले मध्यस्थ मानीत. परंतु जपानमधील नवख्रिस्ती आपल्या मृत आईबापांसाठी, मुलांसाठी रडू लागले, तेव्हा दिलासा देणारे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १५५२ च्या पत्रात ते दुःख त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. संताला बोल लावण्याचे कारण नाही. त्या काळच्या ईशज्ञानाची शिदोरीच तेवढी होती.

ती शिदोरी मुख्यतः संत ऑगस्टिन यांची. पाचव्या शतकात पेलेगियसच्या मताचे खंडन करताना, अशा बालकांनाही दंड आहे, मात्र तो अत्यंत सौम्य, असे त्यांनी प्रतिपादिले. मध्ययुगातील विद्वानांना तेही जड वाटले आणि ‘लिंबो’ची कल्पना पुढे आली : यातना नाहीत, पण देवदर्शनही नाही. ही शिकवण पिढ्यान्‌पिढ्या दिली गेली, तरी ख्रिस्तसभेने तिला श्रद्धासिद्धान्ताचे स्थान कधीच दिले नाही. हे आमच्या आयाबायांना कोणी सांगितले असते तर!

१९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने ही बालके देवाच्या दयेवर सोपवली. २० एप्रिल २००७ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांच्या संमतीने आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाचे निवेदन प्रसिद्ध झाले. त्यांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहेत, असे ते म्हणते. खात्रीचे ज्ञान मात्र आपल्याला प्रकट झालेले नाही, हेही म्हणते. हा संयम आम्हांला मोलाचा वाटतो.

म्हणून स्नानसंस्कार लांबवावा काय? मुळीच नाही. तो पहिल्या काही आठवड्यांत व्हावा, असे १९८३ ची धर्मनियमसंहिता सांगते. जेवणावळीची सोय होईपर्यंत थांबणे बरे नव्हे. बाळ अत्यवस्थ असल्यास फादरांची वाट न पाहता सुईण, नर्स, आजी, कोणीही ख्रिस्तसभेचा हेतू मनात धरून, डोक्यावर पाणी ओतीत, पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने स्नानसंस्कार द्यावा. आणि तेवढाही अवधी मिळाला नाही तर, आईबापांची तशी इच्छा होती एवढ्यावर महागुरुस्वामी त्या बाळाच्या ख्रिस्ती अंत्यविधीस परवानगी देऊ शकतात.