चिंचोळी एमआयडीसी : कॅमशाफ्टच्या वाटेने जागतिक बाजारात

सोलापूर म्हटले की चादर, टॉवेल आणि शेंगाचटणी ही नावे आधी ओठांवर येतात. यंत्रमागाच्या या शहरातून परदेशी मोटारींच्या इंजिनांत बसणारा एक सुटा भाग रवाना होतो, हे तुलनेने कमी लोकांना ठाऊक असते. पुणे-सोलापूर महामार्गावर, मोहोळ तालुक्याच्या हद्दीत असलेल्या चिंचोळी औद्योगिक वसाहतीत प्रामुख्याने रसायने, औषधद्रव्ये आणि अभियांत्रिकी मालाचे कारखाने आहेत. बालाजी अमाइन्सचाही एक प्रकल्प येथे आहे. तथापि परदेशी कंपन्यांशी तांत्रिक संबंध कसे जुळतात आणि ते टिकविणे किती कठीण असते, हे समजून घ्यायचे तर प्रिसिजन कॅमशाफ्ट्स या कंपनीचे उदाहरण अधिक बोलके आहे.

यतीन शहा यांनी १९९२ मध्ये सोलापुरात ही कंपनी स्थापन केली. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातील झडपा ठरावीक क्षणी उघडणारा आणि मिटू देणारा दंड. त्यावरील अंडाकृती उंचवटे झडपांच्या यंत्रणेवर सतत घासतात, म्हणून ते अतिशय कठीण असावे लागतात. उलट मधला दंड मात्र ठिसूळ असून चालत नाही. एकाच ओतकामात हे दोन्ही गुण साधण्यासाठी साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवितात. त्यांच्या स्पर्शाने तेथील वितळलेले लोखंड झटकन थिजते व कठीण होते. उरलेला भाग सावकाश थंड होतो. ऐकायला सोपी वाटणारी ही क्रिया लाखो नगांत एकसारखी साधणे, हेच या व्यवसायाचे खरे भांडवल होय.

मोटार कंपनी असा माल केवळ स्वस्त मिळतो म्हणून घेत नाही. प्रथम आराखडे येतात, मग नमुने जातात. त्यांची मोजमापे, इंजिनावरील चाचण्या, कारखान्याची तपासणी आणि गुणवत्तेची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रे या पायऱ्या ओलांडेपर्यंत दोन-तीन वर्षे सहज निघून जातात. एकदा इंजिनाच्या रचनेत पुरवठादाराचे नाव बसले, की मग ते इंजिन बनते आहे तोवर सहसा बदलले जात नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांच्याशी प्रिसिजनचे संबंध याच धिम्या वाटेने दृढ झाले. चिंचोळीतील कारखाना निर्यातप्रधान घटक म्हणून उभारण्यात आला. अशा घटकाला यंत्रे व कच्चा माल आयात करताना शुल्कात सवलत मिळते. त्या बदल्यात खर्च केलेल्या परकीय चलनापेक्षा अधिक चलन मिळवून दाखवावे लागते. २०१६ च्या प्रारंभी कंपनीने सुमारे ४१० कोटी रुपयांची समभागविक्री केली. त्यातून उभ्या राहणाऱ्या निधीचा मोठा वाटा याच घटकात नव्या प्रकारच्या कॅमशाफ्टचे मशिनिंग करण्यासाठी योजिला होता. तत्पूर्वी चीनमधील शेंगलाँग समूहाशी भागीदारी करून तेथेही ओतकाम व मशिनिंगचे संयुक्त प्रकल्प उभे राहिले होते.

परदेशी ग्राहकाच्या अभियंत्याला चिंचोळीपर्यंत आणणे ही वेगळीच कसरत होती. मुंबई वा पुण्यात उतरून पुढे मोटारीने किंवा रेल्वेने तासन्‌तास प्रवास, हाच वर्षानुवर्षे पर्याय. शहरातील विमानतळाच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडण्यात आली आणि जून २०२५ मध्ये गोव्यासाठी विमानसेवा सुरू झाली. निर्यातदारांना ही सोय बरीच उशिरा लाभली, असेच म्हणावे लागेल.

मोजक्या बड्या ग्राहकांवरील भिस्त हा या संबंधांचा दुर्बळ भाग. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये युरोपातील ओपेल ही कंपनी विकली, फोर्डने २०२१ मध्ये भारतातील मोटार उत्पादन थांबविण्याचे जाहीर केले. अशा निर्णयांत सोलापूरच्या पुरवठादाराचे मत कोणी विचारीत नाही. याहून मोठा प्रश्न विजेच्या वाहनांचा आहे. विजेच्या मोटरीला झडपाच नसतात, मग कॅमशाफ्ट कोठला?

बहुधा हे ओळखूनच कंपनीने २०१८ मध्ये दोन युरोपीय उद्योगांत भागभांडवल घेतले. एक जर्मनीतील सुटे भाग बनविणारी एमएफटी, तर दुसरी नेदरलँड्समधील एमॉस. ट्रक आणि बस विजेवर चालविण्याची यंत्रणा तयार करणे हे एमॉसचे काम. येथे संबंधांची दिशा पालटलेली दिसते. पूर्वी परदेशी ग्राहक चिंचोळीतील माल पारखून घेत असे. आता सोलापूरची कंपनी परक्या देशातील तंत्रज्ञान विकत घ्यायला गेली होती. मात्र खरेदी केलेल्या कंपनीचे ज्ञान चिंचोळीतील कामगारापर्यंत पोहोचविणे हे समभाग घेण्याइतके सोपे नाही. ओतकामात हात बसलेल्या माणसाला बॅटरी व विद्युत नियंत्रणाचे काम नव्याने शिकावे लागते. हायब्रिड मोटारींत इंजिनही असते आणि कॅमशाफ्टही, त्यामुळे भट्ट्यांना काही अवधी मिळाला आहे.