दिनविशेष, ८ ऑक्टोबर : लखोबा आणि पंत

राजुरा : आचार्य अत्रे यांच्या ‘तो मी नव्हेच’ या नाटकाचा पहिला प्रयोग ८ ऑक्टोबर १९६२ रोजी दिल्लीत झाला. मो. ग. रंगणेकरांची ‘नाट्यनिकेतन’ संस्था, दिग्दर्शनही त्यांचेच. आणि आरोपीच्या पिंजऱ्यात प्रभाकर पणशीकर, म्हणजेच पंत! माधव काझी या भामट्याच्या खटल्यावरून अत्र्यांना विषय सुचला. निपाणीचा तंबाखू व्यापारी लखोबा लोखंडे, दिवाकर दातार, कॅप्टन परांजपे, राधेश्याम महाराज... एकाच ठगाची ही सोंगे. फिरत्या रंगमंचामुळे कोर्टातून थेट त्या त्या घरात जाता येई. तेवढ्या अवधीत पंत वेष, बोली, चाल सगळे बदलून हजर.

बायकांना फसवणारा हा माणूस खरे तर संताप आणणारा. पण फिर्यादी साक्षीदारांची उलटतपासणी तो स्वतःच घेऊ लागला की प्रेक्षकांना हसू आवरत नसे. हे श्रेय अत्र्यांच्या लेखणीइतकेच पंतांच्या निर्विकार चेहऱ्याचे.

पुढे पंतांनी ‘नाट्यसंपदा’ ही स्वतःची संस्था काढली, ‘इथे ओशाळला मृत्यू’ या नाटकात औरंगजेब गाजवला, तरी लखोबा सुटला नाही. ‘तो मी नव्हेच’चे हजारांवर प्रयोग झाले. पंतांनी आत्मचरित्राला नाव दिले ‘तोच मी’!

लखोबासारख्या खलनायकाचे मोल आपल्या पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतही आहे; रात्रभर चालणाऱ्या नाटकात तो कच्चा निघाला तर मंडप पेंगतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू होईल. नायकाइतकीच टाळी खलनायकालाही द्या.