व्होल्ट, वॅट आणि वात : ई-सिगारेटमधील वाढत्या विद्युतदाबाचा इतिहास

प्रस्तावना

तंबाखू न जाळता निकोटिन शरीरात पोचविणाऱ्या साधनांचा इतिहास बहुधा आरोग्यधोरणाच्या अंगाने लिहिला जातो. बंदी, परवानगी, करआकारणी आणि न्यायालयीन निवाडे यांभोवती तो फिरत राहतो. या साधनांच्या आत असलेली बॅटरी मात्र त्या इतिहासात क्वचितच येते. वस्तुतः ई-सिगारेट ओढणाऱ्यास मिळणारा अनुभव, त्याच्या श्वासातून आत जाणारे निकोटिन आणि त्याबरोबर जाणारी घातक संयुगे या तिन्ही गोष्टी बॅटरी तारेला किती शक्ती पुरवते यावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतात. प्रस्तुत लेखात साधारण २००४ ते २०२५ या काळात हा विद्युतदाब कोणी, कशासाठी आणि कसा वाढविला, तसेच त्यावरून शास्त्रज्ञांमध्ये कोणता वाद उद्भवला, याचा मागोवा घेतला आहे.

३.७ व्होल्ट हा आकडा आला कोठून ?

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याचे रहिवासी हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये धूरविरहित व तंबाखूविरहित सिगारेटच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६५ मध्ये त्यांना ते मिळाले. बॅटरीवर तापविलेली, ओलसर व सुवासिक हवा ओढावी, अशी ती कल्पना होती. ती बाजारात रुजली नाही. बोटांत मावेल इतका लहान, पुन्हा पुन्हा भरता येणारा आणि तरीही पुरेशी ऊर्जा साठविणारा विद्युतघट त्या काळी उपलब्ध नव्हता, हे त्याचे एक उघड कारण होय. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, तेव्हा ही उणीव दूर होण्याचा मार्ग मोकळा झाला.

चीनमधील औषधनिर्माणतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास सिद्ध केलेले साधन २००४ मध्ये 'रुयान' या नावाने चीनमध्ये विक्रीस आले. त्यांच्या मूळ रचनेत द्रवाचे तुषार श्राव्यातीत कंपनांनी निर्माण केले जात. पुढे जगभर पसरलेल्या साधनांत मात्र ही पद्धत मागे पडली. तिच्या जागी तापणाऱ्या तारेचे वेटोळे, त्याला द्रव पुरविणारी वात आणि खाली बॅटरी अशी साधी रचना आली. देवघरातील समईत वात तेल शोषते आणि टोकाशी ते जळते. येथे वात द्रव शोषते आणि तारेपाशी त्याची वाफ होते. फरक इतकाच की, येथे ज्योत असता कामा नये.

या पहिल्या पिढीतील साधनांचा विद्युतदाब ३.७ व्होल्ट होता. हा आकडा धूम्रपान करणाऱ्याच्या गरजेचा अभ्यास करून ठरविलेला नव्हता. निकेल जातीचा पुनर्भरणक्षम घट सुमारे १.२ व्होल्ट देतो आणि लिथियम-आयन घट सरासरी ३.७ व्होल्ट देतो, हा रसायनशास्त्राचा भाग आहे. लहान नळीत एकच घट मावत असल्यामुळे त्याचा दाब तोच साधनाचा दाब ठरला. शिवाय हा दाब स्थिरही नसतो. पूर्ण भारित घट ४.२ व्होल्ट दाखवितो आणि वापराबरोबर तो ३.३ व्होल्टपर्यंत किंवा त्याहून खाली उतरतो. तारेचा रोध २.५ ओहम धरल्यास ४.२ व्होल्टला सुमारे ७.१ वॅट व ३.३ व्होल्टला सुमारे ४.४ वॅट शक्ती मिळते. म्हणजे दाबाचे नियंत्रण न करणाऱ्या साधनात सकाळचा झुरका आणि संध्याकाळचा झुरका एकसारखा नसे. सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसाची तलफ संध्याकाळी कमी होत नाही, वाफ मात्र कमी होत असे.

हौशी कारागिरांचे युग

या असमाधानातून विद्युतदाब वाढविण्याची धडपड सुरू झाली आणि ती कारखान्यांनी नव्हे, तर वापरणाऱ्यांनी सुरू केली, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. २००८ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'स्क्रूड्रायव्हर' नावाचे साधन तयार झाले. सिगारेटचा आकार सोडून मोठ्या बॅटरीसाठी विजेरीच्या नळीचा उपयोग करणाऱ्या आरंभीच्या साधनांत त्याची गणना होते. अशा फेरबदल केलेल्या साधनांना 'मॉड' हे नाव पडले. मोठ्या नळीत दोन लहान घट एकावर एक ठेवता येत असल्याने ६ व्होल्टच्या आसपास दाब मिळू लागला. काहींनी त्यात नियामक बसवून तो ५ व्होल्टवर स्थिर केला.

याचा परिणाम समजण्यास ओहमचा नियम पुरेसा आहे. शक्ती ही दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तारेचा रोध २.५ ओहमच ठेवून ३.७ व्होल्टऐवजी ५ व्होल्ट दिल्यास दाब सुमारे ३५ टक्क्यांनी वाढतो, पण शक्ती ५.५ वॅटवरून १० वॅटवर जाते, म्हणजे ८३ टक्क्यांनी वाढते. ६ व्होल्टला तीच तार १४.४ वॅट शोषते. तार लवकर तापते, दर झुरक्यास अधिक द्रवाची वाफ होते, वाफ दाट व उष्ण लागते आणि निकोटिनची मात्रा वाढल्याने घशाला तो परिचित झटका बसतो. सिगारेट ओढणाऱ्यास नेमका हाच झटका हवा असतो. द्रवातील सुवासिक घटकही अधिक प्रमाणात बाहेर पडतात, त्यामुळे चव गडद होते. तथापि एका मर्यादेपलीकडे तीच चव करपट होते.

ही मर्यादा वातीने घातलेली आहे. द्रवाचे मुख्य घटक दोन : प्रॉपिलीन ग्लायकॉल सुमारे १८८ अंश सेल्सिअसला उकळते आणि ग्लिसरीन सुमारे २९० अंशांना. तारेभोवती द्रव असेपर्यंत बहुतेक उष्णता बाष्पीभवनात खर्च होते व तापमान आवाक्यात राहते. वात जितक्या वेगाने द्रव पुरवू शकते त्याहून अधिक वेगाने तो उडू लागला, की तार कोरडी पडते व तापमान झपाट्याने चढते. अशा वेळी ग्लिसरीनपासून अ‍ॅक्रोलीन हे घशाला झोंबणारे संयुग तयार होते. वापरणाऱ्यांच्या बोलीत याला 'कोरडा झुरका' म्हणतात. असा झुरका घेणारा माणूस ठसका लागून तत्काळ थांबतो. पुढील सगळा शास्त्रीय वाद या थांबण्यावर उभा राहिला.

येथे 'व्होल्ट' या शब्दाने निर्माण केलेला गैरसमज नोंदविणे आवश्यक आहे. अधिक दाबाची ख्याती झाल्यावर उत्पादकांनी दाब तोच ठेवून तारेचा रोध कमी केला. ३.७ व्होल्टला १.५ ओहमची तार सुमारे ९.१ वॅट देते, म्हणजे ५ व्होल्टच्या मॉडच्या जवळपास. उलट ६ व्होल्टच्या साधनास ४ ओहमची तार लावल्यास ९ वॅटच मिळतात. अनुभव व्होल्टवर नव्हे, वॅटवर ठरतो. असे असूनही बराच काळ बोलण्यात व्होल्टच राहिले. २०११ मध्ये एव्हॉल्व्ह या अमेरिकी कंपनीच्या 'डार्विन' या साधनाने थेट वॅट ठरविण्याची सोय केली. तारेचा रोध मोजून योग्य दाब साधनाने स्वतःच द्यावा, असे त्यामागील तत्त्व होते. याच कंपनीने २०१४ मध्ये आणलेल्या परिपथात निकेलच्या तारेचा तापमानाबरोबर वाढणारा रोध मोजून तापमानच मर्यादित ठेवण्याची व्यवस्था होती. कोरड्या झुरक्यावरील हा खरा तांत्रिक उपाय म्हणता येईल.

प्रयोगशाळेतील वाद

शास्त्रज्ञांचे लक्ष या प्रश्नाकडे उशिरा गेले. २०१४ मध्ये 'निकोटिन अँड टोबॅको रिसर्च' या नियतकालिकात कोस्मिडर व सहकाऱ्यांनी केलेले संशोधन प्रसिद्ध झाले. विद्युतदाब ३.२ व्होल्टवरून ४.८ व्होल्टवर नेल्यास फॉर्मल्डिहाइड, अ‍ॅसिटाल्डिहाइड व अ‍ॅसिटोन यांचे प्रमाण ४ पटींपासून २०० पटींहून अधिक वाढते, असे त्यात आढळले. अधिक दाबाला फॉर्मल्डिहाइडचे प्रमाण तंबाखूच्या धुरात नोंदलेल्या पातळीस पोचत होते. पुढे जानेवारी २०१५ मध्ये पोर्टलंड स्टेट विद्यापीठातील संशोधकांचे पत्र 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आले. ३.३ व्होल्टला फॉर्मल्डिहाइड मुक्त करणारी संयुगे आढळली नाहीत, पण ५ व्होल्टला ती मोठ्या प्रमाणात आढळली, असा त्याचा आशय होता. फॉर्मल्डिहाइड हे मानवात कर्करोग घडविणारे संयुग म्हणून वर्गीकृत असल्याने वृत्तपत्रांनी हे पत्र उचलून धरले.

ग्रीसमधील हृदयरोगतज्ज्ञ कॉन्स्टँटिनोस फारसालिनोस यांनी त्यावर आक्षेप घेतला. यंत्राला चव कळत नाही. माणूस जो झुरका अर्धवट टाकून देईल, तो यंत्र पूर्ण ओढते. 'अ‍ॅडिक्शन' या नियतकालिकात २०१५ मध्येच प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात अनुभवी वापरकर्त्यांकडून आधी कोरडा झुरका ओळखवून घेतला व मग रासायनिक मोजमाप केले. अ‍ॅल्डिहाइडांचे मोठे प्रमाण त्या कोरड्या अवस्थेतच आढळले. वातीची रचना चांगली असलेल्या साधनात तितक्याच शक्तीला ते अल्प होते.

हा आक्षेप सबळ आहे, पण तो संपूर्ण दिलासा देत नाही. कोरड्या झुरक्याची करपट चव सर्वांना एकाच टप्प्यावर जाणवेल असे गृहीत धरता येत नाही, आणि ती जाणवण्याआधीही काही प्रमाणात विघटन होतच असते. दुसऱ्या बाजूने, केवळ व्होल्टचा आकडा देऊन तारेचा रोध व वातीची स्थिती यांना गौण मानणारे मोजमाप अपुरेच म्हणावे लागेल. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठातील तालिह, शिहादेह प्रभृतींनी २०१५ मध्ये झुरक्याचा कालावधी, दाब व द्रवातील निकोटिन यांचा एकत्रित अभ्यास केला. या घटकांच्या निरनिराळ्या मेळातून १५ झुरक्यांतील निकोटिन ५० पटींहून अधिक फरकाने बदलू शकते, असे त्यांना आढळले. बाटलीवरील निकोटिनचा आकडा वाचून मात्रा कळत नाही, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

बॅटरीचा धोका हा प्रयोगशाळेबाहेरचा विषय होता. घट एकावर एक ठेवण्याच्या पद्धतीत एक घट कमी भारित असल्यास तो अतिरिक्त तापून फुटण्याचा संभव असतो. पुढे अर्ध्या ओहमच्या तारा आल्या, तेव्हा एकाच घटातून ३.७ व्होल्टला ७.४ अँपिअर धारा व सुमारे २७ वॅट शक्ती खेचली जाऊ लागली. अमेरिकी अग्निशमन प्रशासनाच्या २०१७ च्या अहवालानुसार २००९ ते २०१६ या काळात त्या देशातील वृत्तमाध्यमांत अशा आगी व स्फोटांच्या १९५ घटना नोंदल्या गेल्या.

कायदा आणि विद्युतदाब

युरोपीय संघाच्या २०१४ च्या तंबाखू-उत्पादन निर्देशाने (जो मे २०१६ पासून लागू झाला) द्रवातील निकोटिन २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर व टाकीचे आकारमान २ मिलिलिटर इतके मर्यादित केले. व्होल्ट वा वॅटवर मर्यादा घातली नाही. सामान्य वापरात मात्रा सुसंगत असावी, एवढी अपेक्षा त्यात आहे. ही पळवाट नसून दृष्टीचा दोष होता, कारण ४० वॅटच्या साधनात ६ मिलिग्रॅमचा द्रवही मोठी मात्रा देऊ शकतो. भारताने वेगळा मार्ग पत्करला. सप्टेंबर २०१९ चा अध्यादेश व त्यानंतर त्याच वर्षीचा कायदा यांनी ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद त्यात आहे. संपूर्ण प्रकारच निषिद्ध असल्याने भारतीय कायद्यापुढे शक्तीच्या मर्यादेचा प्रश्न उद्भवला नाही.

बाजाराने मात्र दरम्यान उलटी दिशा घेतली होती. २०१५ मध्ये अमेरिकेत आलेल्या 'जूल' या साधनात दाब बदलण्याची कोणतीही कळ नव्हती. तापमान साधनच सांभाळत असे. निकोटिन क्षाररूपात असल्याने ५ टक्क्यांचा तीव्र द्रवही घशाला सौम्य लागे. हौशी कारागिरांनी जो परिणाम वॅट वाढवून साधला होता, तो येथे कमी शक्तीत व रसायनाच्या बळावर मिळाला. साधन लहान, बिनकळीचे आणि लपविण्यास सोपे झाले. अमेरिकेत शाळकरी मुलांपर्यंत ते पोचण्यास ही सुलभता कारणीभूत ठरली. त्यानंतरची एकदाच वापरून फेकावयाची साधने याच वळणाची होती. त्यांतही तोच सरासरी ३.७ व्होल्टचा लिथियम घट असे, फक्त तो पुन्हा भरण्याची बहुधा सोय नसे. ब्रिटनमध्ये अशा साधनांच्या विक्रीवर १ जून २०२५ पासून बंदी आली, आणि तिच्या समर्थनार्थ दिलेल्या कारणांत मुलांच्या व्यसनाबरोबर कचऱ्यात जाणाऱ्या या बॅटऱ्यांचाही समावेश होता.